आधी आभाळ बघा, मग डिश घ्या



गेल्या व्हिडिओत माझ्यामागे दाट जंगल दिसलं आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं, ‘मॅडम, तिथे नेट कसं काय चालतं?’ खरं सांगू? सुरुवातीला चाललं, पण धंद्यासाठी चाललं नाही. हा फरक मला दोन विद्यार्थिनी आणि 3,600 रुपये घालवून कळला. तुम्हाला फुकटात सांगते.

लेकीचं घर अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात आहे. चारी बाजूंनी मेपल, ओक आणि उंचच उंच पाइन. केबल तिथवर आलेली नाही, मोबाइलला जेमतेम एक दांडी. म्हणून त्यांनी उपग्रहाचं इंटरनेट घेतलं. जेवायच्या पाटाएवढी डिश अंगणात ठेवली, स्पीड टेस्ट केली, तर दीडशे एमबीपीएस! मी खूश. सप्टेंबरमध्ये पदार्थांच्या कॉस्टिंगची बॅच लावली. अकरा जणी, सगळ्या घरगुती मसाले-पापडवाल्या. भारतात संध्याकाळी साडेसात, इथे सकाळी दहा.

पहिल्याच दिवशी मी ‘मजुरी धरायला विसरू नका’ म्हणाले आणि पडद्यावर गोठले. दर दोन-तीन मिनिटांनी तेच. चौथ्या दिवशी दोघींनी फी परत मागितली. मी दिली. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मग दीडशेचा स्पीड गेला कुठे? कुठेच नाही. मी चुकीची गोष्ट मोजली होती.

जुन्या पद्धतीचे भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर असतात. ते आकाशात एकाच जागी दिसतात, म्हणून झाडांमध्ये त्या दिशेला एक फट असली तरी भागतं. पण अंतर इतकं की प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. स्टारलिंकसारख्या नव्या सेवांचे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवर असतात, त्यामुळे बोलणं सहज होतं. मात्र इतक्या खालचा उपग्रह काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो. डिश एकाला सोडून दुसऱ्याला पकडत राहते. म्हणून तिला फट नाही, मोकळं आभाळ लागतं. उपग्रह पाइनच्या आड गेला की काही सेकंद सगळं बंद. पान म्हणजे शेवटी पाणीच, त्यात लहर अडते. ओल्या पानांत आणखी.

सिनेमा बघताना हे कळत नाही, कारण पुढचा भाग आधीच साठवलेला असतो. थेट वर्गात साठा नसतो. तुमचं वाक्य तुटतं आणि गिऱ्हाईकसुद्धा.

मग आम्ही पहिल्या दिवशी करायचं काम केलं. ॲपमध्ये कॅमेरा आभाळाकडे धरून अडथळे तपासायची सोय असते. अंगणात निम्मं आभाळ झाडांनी भरलेलं निघालं. छपरावरही तेच, कारण पाइन छपराच्या दुप्पट उंच. सगळ्यात मोकळी जागा कुठे सापडली असेल? सांडपाणी जमिनीत मुरवण्याच्या पट्ट्यावर! मुळांनी नळ्या फुटू नयेत म्हणून तिथे झाडं ठेवत नाहीत. त्या पट्ट्याच्या कडेला खांब रोवला. सोबतची केबल पुरेना, लांब केबल घ्यावी लागली. तरी उत्तरेचा एक पाइन आड येतोच. झाड कापणाऱ्याने जी रक्कम सांगितली, ती ऐकून पाइन वाचला.

आता तासाला दोन-तीनदाच तुटतं. शून्य नाही. म्हणून मी कामाची पद्धत बदलली. शिकवायचा भाग आधी रेकॉर्ड करून पाठवते, थेट वर्गात फक्त शंका. आणि सांगलीची माझी सहकारी यजमान म्हणून आत असते. मी गायब झाले तरी वर्ग चालू राहतो. उरलेल्या नऊ जणींनी बॅच पूर्ण केली.

हे तुमच्या कामाचं का? 2025 मध्ये स्टारलिंकला भारतात परवाना मिळाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र शासनाने गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव यांसारख्या जिल्ह्यांसाठी त्यांच्याबरोबर इरादापत्र केलं. विक्रेता स्पीड सांगेल. तुम्ही या चार गोष्टी विचारा:

1. आभाळ किती मोकळं आहे? माड, आंबा, फणस बारमाही हिरवे. साग मात्र उन्हाळ्यात पानं गाळतो. एप्रिलमध्ये पास झालेली जागा जुलैत नापास होईल. भर पानांच्या दिवसांत तपासा. माझ्याकडेही ऑक्टोबरअखेर पानगळ झाल्यावर जोडणी सुधारली, म्हणजे मे महिन्यात पुन्हा बिघडणार.

2. थेट तासभर टिकतं का? एक फोन या नेटवर, दुसरा गावाबाहेरच्या मित्राकडे. तासभर व्हिडिओ कॉल चालू ठेवा आणि दर वेळी गोठलं की कागदावर रेघ मारा. हीच तुमची स्पीड टेस्ट.

3. वीज गेली तर? नेहमीच्या आकाराची डिश साधारण 75 ते 100 वॅट खाते. इन्व्हर्टरचा हिशोब आधी करा.

4. परत घेतील का? आमच्याकडे तीस दिवसांची मुदत होती. लेखी मुदत नसेल तर खांबासाठी खड्डा खणू नका.

आणि खर्चात फक्त डिश आणि भाडं लिहू नका. खांब, लांब केबल, इन्व्हर्टर आणि तुटलेल्या वर्गाची परत केलेली फीसुद्धा लिहा. मजुरी धरायला विसरू नका म्हणणारी मी, हाच खर्च धरायला विसरले होते.

आजचा गृहपाठ: अंगणात जा, मान वर करा आणि किती आभाळ दिसतं ते वहीत काढा. भेटू पुढच्या व्हिडिओत!