ट्रॉलीला ब्रेक नसतो, म्हणून मालकाला डोकं लागतं

बकरी ईदच्या तोंडावर बोकड घेऊन मुंबईच्या देवनार बाजाराला गेलेला माणूस बहुतेक गावांत एखादा तरी सापडेल. १९७१ साली सुरू झालेला हा कत्तलखाना आणि त्याच्या आवारातला बाजार गोवंडी स्टेशनपासून जवळच आहे. वाशीची खाडी ओलांडली की मानखुर्द, आणि पुढे लगेच गोवंडी. या रस्त्यावर रात्रंदिवस न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर आणि चेंबूर-माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांचे टँकर धावत असतात. पुन्हा कधी तिकडे जाणं झालं, तर सिग्नलला उभ्या असलेल्या एखाद्या कंटेनर ट्रेलरकडे नीट बघा. पुढचं इंजिनाचं डोकं आणि मागचा ट्रेलर यांच्यामध्ये वळ्यावळ्यांच्या नळ्या लोंबताना दिसतील. त्या हवेच्या नळ्या आहेत. ड्रायव्हरने पुढे ब्रेकवर पाय ठेवला की त्या नळ्यांमधल्या हवेने मागच्या ट्रेलरची चाकंही आवळली जातात. नळी तुटून हवा गेली, तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात.

आता आपल्या वाड्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीकडे बघा. हुक आहे, पिन आहे, चाकं आहेत. ब्रेक कुठे आहे? बहुतेक ट्रॉल्यांना तो नसतोच. दोन-सव्वादोन टनांचा ट्रॅक्टर पुढे आणि आठ-दहा टनांचा ऊस मागे, आणि एवढ्या सगळ्या ओझ्याला थांबवायचं काम ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांनी करायचं. युरोपात मोटारीमागे जोडायचा ट्रेलर एकूण ७५० किलोच्या वर गेला, तर त्याला स्वतःचा ब्रेक असावाच लागतो. आपण त्याच्या दहापट वजन बिनब्रेकाने ओढतो. म्हणून ट्रॉली बाळगणाऱ्याने तिचं शास्त्र समजून घेणं गरजेचं आहे.

चाकावरचं घर

परदेशात मोटारीच्या मागे घर जोडून फिरायला निघतात, त्याला कॅरॅव्हॅन म्हणतात. आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण खरं सांगायचं तर चाकावरचं घर महाराष्ट्राला नवं नाही. दसरा झाला की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिवकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. एकेका ट्रॉलीत पाच-सहा कोयत्यांचा संसार असतो. कोपीचे बांबू, ताडपत्री, ज्वारीची पोती, चूल, भांडी, कोंबड्या, शेळी, आणि या सगळ्याच्या वर बायामाणसं अन् लेकरं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, थेट कर्नाटकापर्यंत हा संसार रात्रीच्या प्रवासाने जातो आणि पाच-सहा महिन्यांनी तसाच परत येतो.

हौसेच्या कॅरॅव्हॅनला ब्रेक असतो, दिवे असतात, तुटल्यास थांबवणारी तार असते. पोटासाठी निघालेल्या या घराला मात्र यातलं काही नसतं. तेव्हा पुढच्या गोष्टी ट्रॅक्टरमालक, ड्रायव्हर, मुकादम आणि गावकारभारी या सगळ्यांसाठी आहेत.

ओढणं सोपं, थांबवणं अवघड

ट्रॅक्टर चढाला ट्रॉली ओढतो, उताराला मात्र ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते. उतारावर अचानक ब्रेक मारला की पुढचा ट्रॅक्टर अडखळतो आणि मागचं दहा टन वजन जोरात पुढे येतं. हुकाशी ते सरळ रेषेत राहिलं नाही, तर ट्रॅक्टर कात्रीसारखा दुमडतो आणि ट्रॉली रस्त्यात आडवी होते. मांजरसुंब्याचा घाट असो की गावच्या ओढ्याचा उतार, नियम एकच. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा, मध्यावर नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणारे शहाणे गावोगाव आहेत. क्लच दाबला किंवा न्यूट्रल केला, की इंजिनाची धरून ठेवायची ताकद गेली. मग उरतो फक्त पायाखालचा ब्रेक, आणि तो तापला की तोही गेला.

दुसरी गोष्ट ब्रेकच्या पायपट्ट्यांची. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, कारण शेतात जागच्या जागी वळायला ते लागतात. रस्त्यावर येताना या दोन पट्ट्या जोडणारी कडी लावायची असते. ती लावली नाही आणि घाईत एकच पट्टी दाबली गेली, तर एकच चाक आवळतं आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. शेतातून बांधावर चढलात की आधी कडी, मग रस्ता. डिफरन्शियल लॉकही शेतातच सोडून यायचा.

वेगाचा हिशोबही लक्षात ठेवा. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर दुपटीने नाही, जवळजवळ चौपटीने वाढतं. रिकामी ट्रॉली आहे म्हणून पळवू नका. रिकामी ट्रॉली खड्ड्यात उसळते, आणि उसळलेल्या चाकाची रस्त्यावर पकड राहत नाही.

जोडणी आणि भरणी

हुकात पिन टाकली म्हणजे ट्रॉली जोडली, असं होत नाही. पिन हुकाच्या मापाची हवी, आणि खालून तिला क्लिप हवी. पिनीच्या जागी सळईचा तुकडा, क्लिपच्या जागी तार किंवा चिंधी, हे प्रकार कायमचे बंद करा. पिन आणि कडं घासून बारीक झालं असेल तर बदलून टाका. पिनीची किंमत आणि त्यामागे बसलेल्या माणसांची किंमत यांची तुलना होत नाही. हुकाखेरीज एक जाड साखळी ट्रॉलीच्या दांड्याखालून फुली मारून ट्रॅक्टरला बांधा. पिन निघालीच तर दांडा जमिनीत रुतण्याऐवजी साखळीच्या झोळीत पडतो आणि तुम्हाला हळू थांबायला अवसर मिळतो.

ट्रॉली ओढायची ती ड्रॉबारवरच. ओढायची जागा मागच्या आसाच्या वर घेतली, उदाहरणार्थ टॉपलिंकच्या ठिकाणी, तर ओढ लागल्यावर ट्रॅक्टर पुढून उचलला जातो आणि ड्रायव्हरवर उलटतो. चढावर पुढचं चाक हलकं वाटू लागलं, तर तो इशारा समजा. भार कमी करा किंवा पुढे कंपनीची वजनं लावा.

भरताना दोनचाकी आणि चारचाकी ट्रॉलीतला फरक ओळखा. दोनचाकी ट्रॉलीचं काही वजन हुकावर येतं. भार फार मागे गेला तर हुक वर उचलला जातो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि पकड सुटते. फार पुढे गेला तर ट्रॅक्टर मागून दबतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं. म्हणून जड माल आसाच्या जरा पुढे, तळाला. चारचाकीत भार सगळीकडे सारखा हवा. वाढे आणि मोळ्या बाजूला पसरवून रस्ता अडवू नका. कायद्याने वाहनाची रुंदी २.६ मीटरच्या आत आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या गाडीची एकूण लांबी ठरवून दिलेल्या मर्यादेत हवी. दोन ट्रॉल्या जोडणाऱ्यांनी एकदा टेप लावून बघावं. लांबी नियमात बसली, तरी मागची ट्रॉली वळणावर झोले खातेच.

हंगामाआधीचा एक दिवस

ट्रॅक्टरचं ऑइल वेळेवर बदलणारा माणूस ट्रॉलीकडे वर्षभर बघत नाही. पावसाळ्यात ती बांधावर उभी असते, आणि दसऱ्याला एकदम जोडली जाते. असं न करता एक दिवस फक्त ट्रॉलीला द्या.

जॅक लावून एकेक चाक उचला. वर-खाली धरून हलवा. खडखड वाजलं की बेअरिंग सैल किंवा गेलेलं. चाक हाताने फिरवा. खरखर आली तर बेअरिंग काढून, धुऊन, नवं ग्रीस भरा. रस्त्यात पहिल्या थांब्यावर हब हाताच्या पाठीने चाचपून बघा. चारात एक हब जास्त तापला असेल, तर तिथेच थांबलेलं बरं. न थांबल्यास चाक निखळून पुढे पळतं, हे अनेकांनी पाहिलेलं आहे.

टायरला आडव्या भेगा आहेत का, तार दिसते का, हे बघा. नटबोल्ट आवळा, आणि भार भरून थोडं अंतर गेल्यावर पुन्हा आवळा. पाट्याचे यू-बोल्ट, दांड्याचे वेल्डिंग, चारचाकीच्या पुढच्या फिरत्या चकतीचं ग्रीस, फाळक्याच्या कड्या, सगळं एकदा डोळ्याखालून जाऊ द्या. वेल्डिंगला चीर दिसली तर वरून रंग मारून झाकू नका.

रात्र वैऱ्याची

रात्री ट्रॉली मागून दिसत नाही. काळसर ऊस, मातकट फाळका, दिवा नाही. मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला ती दिसेपर्यंत थांबायला अंतर उरत नाही. मरणारा बहुतेक आपल्याच पंचक्रोशीतला असतो.

उपाय स्वस्त आहेत. चमकणारी पट्टी लावा: पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. ऊस मागे लोंबून पट्टी झाकली जात असेल तर लोंबत्या टोकावर वेगळा रिफ्लेक्टर बांधा. ट्रॅक्टरपासून ट्रॉलीपर्यंत वायर ओढून मागे लाल दिवा आणि इंडिकेटर चालू करा. उंदराने वायर कुरतडली का, ते आठवड्याला बघा. बंद पडलेली ट्रॉली रस्त्यातच ठेवावी लागली, तर मागे बऱ्याच अंतरावर खूण ठेवा. चाकाला लावलेले दगड निघताना बाजूला काढा. आपण निघून जातो, दगड मात्र रस्त्यात राहतो आणि मागून येणाऱ्याचा जीव घेतो.

आणि कानठळ्या बसवणारी गाणी बंद करा. मागच्याचा हॉर्न आणि आपल्याच ट्रॉलीची खडखड, दोन्ही ऐकू आली पाहिजेत.

कागद ट्रॉलीचेही लागतात

कायद्याच्या दृष्टीने ट्रॉली हे वेगळं वाहन आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'ट्रेलर'ची स्वतंत्र व्याख्या आहे. म्हणून तिची नोंदणी वेगळी, आणि मागे नंबर हवा. विमा काढताना ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉलीचा नंबर आणि हप्ता लिहिला गेला का, हे घरी आणून वाचा. एजंट म्हणाला म्हणून सोडू नका.

परवान्याबद्दल एक गैरसमज आहे. ट्रॅक्टर चालवायचा वैध परवाना असेल, तर मागे ट्रॉली जोडल्याने तो रद्दबातल होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सांगितलं आहे. पण त्याच न्यायालयाने २००५ साली हेही सांगितलं, की मालवाहतुकीला लावलेली ट्रॅक्टर-ट्रॉली ही मालवाहू गाडी ठरते. घरचा माल वाहणं वेगळं आणि धंदा म्हणून भाडं मारणं वेगळं. भाडं मारणाऱ्याने आरटीओत जाऊन आपला कर आणि परमिट यांचा खुलासा करून घ्यावा.

सगळ्यांत महत्त्वाचं माणसांचं. ट्रॅक्टरला बैठक एकच, ड्रायव्हरची. मडगार्डवर बसलेला माणूस विम्यात धरला जात नाही. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशाची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. याचा अर्थ सरळ आहे. वऱ्हाड, जत्रा, टोळी, कशासाठीही ट्रॉलीत माणसं भरली आणि घात झाला, तर दाव्याची रक्कम मालकाच्या जमिनीवर येऊ शकते. मुकादमांनी टोळीचं सामान ट्रॉलीत आणि माणसं बसने किंवा प्रवासी गाडीने न्यावीत. हा खर्च कारखान्याशी करार करतानाच बोलून घ्यावा. उचल ठरवताना जो घासाघीस करतो, त्याला एवढं बोलता येतं.

ग्रामपंचायतीचं काम

सरपंच आणि ग्रामसेवकांनी हे फक्त आरटीओचं काम मानू नये. दसऱ्याआधी गावातल्या सगळ्या ट्रॉल्या एका दिवशी चावडीपुढे बोलवा. पट्टी, दिवा, पिन, साखळी, एवढ्या चार गोष्टी बघा. पट्टीचा खर्च कारखाना किंवा सोसायटी उचलू शकते. स्थलांतराला जाणाऱ्यांची नोंद आणि ऊसतोड कामगारांची ओळखपत्रं टोळी निघायच्या आत हातात पडू द्या.

अपघात झालाच तर १०८ आणि ११२ हे नंबर पोरासोरांनाही पाठ हवेत; राष्ट्रीय महामार्गावर १०३३. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही, असं संरक्षण २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलं आहे. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, पैसे न भरता उपचार मिळण्याची केंद्राची योजना आहे. ठोकर देऊन वाहन पळून गेलं, तर १ एप्रिल २०२२ पासून मृताच्या वारसाला दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. त्यासाठी प्रांत किंवा तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. गावात असा अपघात झाला तर तलाठी आणि ग्रामसेवकांनी घरच्यांना हे आपणहून सांगावं. दुःखात असलेल्या माणसाला कचेरीची वाट सुचत नाही.

मंडळी, बैलगाडीच्या काळात बैलाला उतार कळायचा. तो पाय रोवून जू मागे रेटायचा. ट्रॅक्टरला ते कळत नाही, ट्रॉलीला तर नाहीच. तेव्हा उतार कळणारा एकच जीव उरतो, तो स्टिअरिंगवर बसलेला. त्याची झोप पुरी होऊ द्या, पोटात दारू जाऊ देऊ नका, आणि खेपा मोजताना त्याला दम देऊ नका. एक खेप कमी झाली तर तेवढा ऊस उद्या जातो.