लोणावळ्यापेक्षा उंच, तरी घामाघूम

लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२२ मीटरवर आहे. अहिल्यानगर शहर ६५० मीटरच्या आसपास. म्हणजे गार हवा खायला लोणावळ्याला निघालेला नगरकर चिक्कीच्या दुकानापाशी पोहोचतो तेव्हा घरापेक्षा थोडा खालीच आलेला असतो. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना तर नगर हे हिल स्टेशनच म्हणायला हवं, कारण पुणे साधारण ५६० मीटरवर. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हे आकडे ज्या कागदावर लिहिलेत त्याचा पंखा करून वारा घ्यावा.

सध्या फॅशन आहे ती चाकांवरच्या घराची. गाडीतच पलंग, ओटा, छोटा फ्रीज, जमलं तर संडासही. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. गाडी भाड्याने मिळते, चालवणारा मेव्हणा तयार असतो. अडतं ते एकाच प्रश्नावर: उन्हाळ्यात न्यायची कुठे?

साडेसहा अंशांचं गणित

हजार मीटर वर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, असा भूगोलाच्या पुस्तकातला नियम. तो लावून बघू. महाबळेश्वर १,३७२ मीटर, म्हणजे नगरपेक्षा सातशेहून थोडं जास्त उंच. फायदा साडेचार अंशांचा, वर स्ट्रॉबेरी क्रीम. माथेरान साधारण ८०० मीटर. फायदा एक अंश, आणि गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. चाकांवरचं घर नाक्यावर ठेवून स्वतः घोड्यावर बसून जायचं, यात सहलीचा मुद्दाच राहत नाही.

आता आपल्या जिल्ह्यातला लाडका भंडारदरा. शेंडी गाव आणि धरणाचा परिसर साधारण साडेसातशे मीटरवर. नगरपेक्षा शंभर मीटर जास्त. दीडशे किलोमीटर गाडी हाकायची आणि पदरात पडायचा पाऊण अंश!

तरीही लोक जातात आणि गार होऊन येतात. कारण तो नियम मोकळ्या हवेचा आहे. पठार मात्र तापतं ते जमिनीसकट, आणि नगरच्या बाजूचं उघडंबोडकं पठार तर तव्यासारखं. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या थेट कडेवर आहे. पलीकडे कोकण, त्यापलीकडे समुद्र. दुपार कलली की कोकणातून ओलसर वारं घाट चढून वर येतं. त्यात जलाशय आणि हिरडा-जांभळाची झाडी. दुपारी बाराला शेंडीतही घाम येतो, उगाच थापा नकोत. पण संध्याकाळी सहानंतर आणि पहाटे तिथली हवा वेगळीच असते. माझं मत सरळ आहे: जागा निवडताना मीटर मोजू नका, वारा कुठून येतो ते बघा.

गावातच एक उंचवटा

भंडारदऱ्याहून उंच जागा नगरच्या वेशीबाहेरच आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. चांदबिबीचा महाल म्हणून सगळे ओळखतात ती टेकडीवरची अष्टकोनी, तीन मजली इमारत. खरं तर ती सलाबतखानाची कबर. टेकडीची उंची तीन हजार फुटांच्या घरात, म्हणजे नऊशे मीटरहून जास्त. संध्याकाळी तिथे वारा असा झोंबतो की डोक्यावरची टोपी सांभाळावी लागते. नवी गाडी घाटात कशी चढते, ब्रेक कसे धरतात, हे अकोल्याच्या वळणांवर कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

पारनेरकरांचं म्हणणं वेगळं. सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच उभ्या केल्या का, असं ते विचारतात. कान्हूर पठारावरच्या वाऱ्याबद्दल तर ते आपल्या शेतमालापेक्षा जास्त अभिमानाने बोलतात. वारा आहे, कबूल. सावली मात्र आपापली आणावी.

चाकांवरचं घर नगरला नवं नाही

पिंपळगाव माळवीजवळच्या मेहेराझादमध्ये एक निळी बस जपून ठेवलेली आहे. मेहेरबाबांनी १९३८ च्या अखेरीपासून आपल्या शिष्यांसह भारतभर ज्या बसने प्रवास केले, ती ही ‘ब्लू बस’. पुढे तिचा सांगाडा चाकांवरून उतरवून मेहेराझादला ठेवला आणि १९४९ च्या चाळीस दिवसांच्या एकांतवासात बाबांनी तो खोलीसारखा वापरला. बसची खोली करण्याची कल्पना नगरमध्ये पाऊण शतक जुनी आहे, ती अशी.

त्याआधीचा विक्रम औरंगजेबाचा. आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं त्याने दख्खनमध्ये बहुतेक छावणीतच काढली. तंबूंचं चालतं शहर, बाजारासकट. १७०७ मध्ये त्याचा मृत्यूही इथेच भिंगारजवळ झाला. सहल लांबली की काय होतं, ते असं.

धनगरांचे वाडे तर आजही घोड्यांवर संसार लादून कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुक्कामाला जागा कशी निवडावी, हे गाडी भाड्याने देणाऱ्याला विचारण्याआधी त्यांना विचारावं. वाऱ्याची दिशा, पाण्याची सोय, जमिनीचा उतार, सगळं एका नजरेत सांगतील. फक्त ते हौसेने फिरत नाहीत, एवढं भान ठेवून विचारा.

मुक्काम ठरला, आता गाडी लावा

नगरहून संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडीला पोहोचायचं. विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. प्रवरेचं पाणी अडवून झालेल्या जलाशयाला वळसा घालत रस्ता मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा फिरतो. देखणा आहे, पण अरुंदही. मोठी गाडी असेल तर समोरून एसटी आल्यावर मागे कोणी जायचं हा वाद आपण हरणार, हे आधीच मान्य करावं.

गाडीचं दार आपल्याकडे बहुधा डाव्या अंगाला असतं. दुपारी गाडीचं तोंड दक्षिणेला ठेवलं की दार पूर्वेला येतं आणि बसायला गाडीचीच सावली मिळते. सूर्य कलला की गाडी फिरवून तोंड उत्तरेला करायचं. आता दार पश्चिमेला, वारा थेट आत. जांभळाच्या झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी टपाचा मूळ रंग कोणता, त्याचा फोटो काढून ठेवावा. मे महिन्यात वळीव कधीही येतो, तेव्हा बाहेर ताणलेलं छत रात्री गुंडाळूनच झोपायचं.

पाण्याची टाकी घरून भरून न्यायची. हा सल्ला विनोदाचा नाही. जलाशयाच्या काठच्या वाड्यापाड्यांवर एप्रिल-मेमध्ये विहिरी आटतात आणि बायाबापड्या हंड्यासाठी पायपीट करतात. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण तिथे रोज जगतात. त्यांच्या हातपंपावर रांग मोडून आपली शॉवरची टाकी भरणारा पर्यटक मला तरी बघवत नाही. सांडपाणीही ओढ्यात सोडू नये, प्रवरेचं पाणी खालचा निम्मा जिल्हा पितो.

उन्हाळ्यात धबधब्यांची आशा मर्यादित ठेवा. धरणाच्या पायथ्याचा अंब्रेला फॉल धरणातून पाणी सोडलं तरच छत्री उघडतो, म्हणजे उन्हाळी आवर्तन सुटलं असेल तर नशीब. घाटघरचा कोकणकडा मात्र संध्याकाळी चुकवू नका. तिथल्या जलविद्युत प्रकल्पाची गंमत अशी की विजेची मागणी असते तेव्हा पाणी खाली चोंढ्याला सोडून वीज करतात आणि मागणी उतरली की तेच पाणी पुन्हा वर चढवतात. क्षमता २५० मेगावॉट.

ज्यांना खराखुरा गारवा हवा त्यांच्यासाठी कळसूबाई आहे. १,६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वात उंच टोक. गाडी बारी गावात ठेवायची आणि पहाटेच्या अंधारात चढायला लागायचं. उन्हं तापल्यावर तिथल्या लोखंडी शिड्या हाताला चटके देतात.

दिवे घालवा

मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात भंडारदऱ्याच्या झाडांवर काजवे येतात. सादडा, हिरडा, बेहडा, उंबर, झाड दिसत नाही, फक्त त्याचा लुकलुकणारा आकार दिसतो. नर चमकून बोलावतो, मादी चमकून उत्तर देते आणि आपल्या गाडीचा प्रखर दिवा मध्ये पडला की दोघांचंही बोलणं तुटतं. अभयारण्याचा भाग असल्याने वनखात्याचे नियम आहेत, रात्रीच्या वेळेची मर्यादाही आहे. शनिवार-रविवार टाळा, नाहीतर काजव्यांपेक्षा मोबाइलचे दिवे जास्त दिसतात. मंगळवारी रजा टाकायला साहेब तयार नसतील तर त्यांनाही सोबत न्या.

एवढ्यात पाऊस पडलाच, तर बेत बदलावा लागतो. नगर शहरात वर्षभरात पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर घाटघरला पाच हजारांच्या घरात. एकाच जिल्ह्यात दोन ऋतू. सांदण दरीत पावसाळ्यात उतरायचं नाही, घाटात धुकं दाटतं, चिखलात जड गाडी रुतते. ओढायला ट्रॅक्टर मिळतो, पण भातलावणीच्या दिवसांत त्याचा नंबर आपल्याआधी शेतकऱ्याचा लागतो.

राहता राहिलं खाणं. वाटेवर पाटीभर करवंदं घेऊन बसलेल्या ठाकर आणि महादेव कोळी बायकांकडून करवंदं घ्यावीत, घासाघीस न करता. इंद्रायणी तांदूळ मिळाला तर गाडीतल्या छोट्या गॅसवर त्याचा मऊ भात होतो. पेढे राजूरला, आणि ते जातानाच घ्यावेत. परतताना पुन्हा घ्यायचेच असतात.