पहिल्या पानाची किंमत

२०२२ या एका वर्षात गुगलने ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले. कशासाठी? आयफोन आणि मॅकवरच्या सफारी ब्राउझरमध्ये काहीही शोधलं, तर ते आपोआप गुगलवरच शोधलं जावं यासाठी. अमेरिकेत गुगलवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात हा आकडा बाहेर आला. त्याच खटल्यात ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलच्या विरोधात निकाल दिला. सफारीतलं हे सेटिंग कुणालाही मिनिटभरात बदलता येतं. तरी त्याला एवढा भाव, कारण बहुतेक लोक ते कधीच बदलत नाहीत. मशीन जसं हाती आलं तसंच वापरलं जातं.

ज्याला उघड बाजारात एवढी किंमत आहे, त्याची चोरी होणारच. ब्राउझर उघडल्यावर एखाद्या दिवशी ओळखीच्या पानाऐवजी भलतंच ‘सर्च’ पान दिसू लागतं, ती हीच चोरी. इंग्रजीत तिला ‘ब्राउझर हायजॅकिंग’ म्हणतात. यातली कमाई समजून घेतली की बाकीचं कोडं सुटतं. याहू किंवा बिंगसारखी सर्च इंजिन्स आपल्याकडे गिऱ्हाईक आणून देणाऱ्या भागीदारांना जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा देतात. घुसखोर तुमचा शोध आधी स्वतःच्या पानावर घेतो, मग भागीदाराचा संकेत जोडून खऱ्या सर्च इंजिनकडे पाठवतो. निकाल बहुतेक वेळा खरेच दिसतात, म्हणून महिनोन्‌महिने कुणाला संशय येत नाही. एका क्लिकवर मिळणारी रक्कम किरकोळ असते, पण लाखो संगणकांवरून ती गोळा होत राहते.

पहिल्या पानाचं हे मोल नेटस्केपला नव्वदच्या दशकातच कळलं होतं. ब्राउझर उघडला की नेटस्केपचंच पान समोर येई. लोकांनी ते बदललं नाही, आणि ते त्या काळातल्या सर्वाधिक वर्दळीच्या पानांपैकी एक बनलं. १९९७ साली आलेल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने बाहेरच्या छोट्या प्रोग्रामना ब्राउझरबरोबरच सुरू होण्याची सोय दिली. तिचा चांगला उपयोग झाला, तसा गैरवापरही भरपूर झाला. २००३ मध्ये ‘कूलवेबसर्च’ नावाची कीड पसरली. होमपेज बदलणं, बुकमार्कांत नको ते दुवे घुसवणं हा तिचा उद्योग. तिचे नवनवे अवतार येत राहिले, आणि त्यांच्या मागावर राहून ते साफ करणारं मोफत साधन नेदरलँड्समधल्या एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं.

पुढे भोकं पाडून घुसायची गरजच उरली नाही. मोफत प्रोग्राम बसवताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जाणाऱ्या माणसासमोर आधीच टिक केलेली एक चौकट ठेवली, की टूलबार आत आणि होमपेज बाहेर. यात फक्त भुरटेच नव्हते. ऑरेकलच्या जावाबरोबर आस्कचा टूलबार कित्येक वर्षं असाच येत असे. २०१७ च्या जूनमध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’चा अहवाल दिला. बीजिंगच्या एका जाहिरात कंपनीचा हा प्रोग्राम होमपेज आणि सर्च इंजिन बदलत असे. जगभरातले २५ कोटी संगणक बाधित आणि त्यांतले अडीच कोटी भारतात, असा चेक पॉइंटचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टला तो फार फुगवलेला वाटला. पण धोक्याचा मुद्दा आकड्यापुरता नव्हता. फायरबॉलला त्या संगणकावर दुसरा कोणताही प्रोग्राम उतरवून चालवता येत होता. आज होमपेज बदलणारा उद्या आणखी काय करील, हे त्याच्या मर्जीवर होतं.

ब्राउझरवाल्यांनीही बंदोबस्त वाढवला. विंडोजवर क्रोम होमपेज, सर्च इंजिन, एक्स्टेन्शन अशा नाजूक सेटिंगांची नोंद लाखेचं सील लावलेल्या लखोट्यासारखी ठेवतो. सेटिंगचं मूल्य आणि त्या संगणकाची खूण यांतून गणिताने एक संकेत काढून नोंदीशेजारी लिहिलेला असतो. बाहेरच्या प्रोग्रामने फाइलमध्ये परस्पर फेरफार केला तर संकेत जुळत नाही आणि क्रोम ते सेटिंग मूळ स्थितीला नेतो. हे सील अभेद्य मात्र नाही. ते बनवायची किल्ली त्याच संगणकावर, क्रोमच्याच फाइलींमध्ये असते, त्यामुळे चिकाटीच्या घुसखोराला खोटं सील करता येतं. फायरफॉक्सने २०१५ च्या अखेरीपासून मोझिलाची डिजिटल सही नसलेली एक्स्टेन्शन्स मुळातच अडवायला सुरुवात केली.

तरीही पान बदललंच, तर ते कुठून बदललं ते आधी शोधावं लागतं. होमपेज म्हणून आपण जे ओळखतो ती प्रत्यक्षात चार वेगळी सेटिंग्ज आहेत: ब्राउझर सुरू होताना उघडणारं पान, घराच्या चिन्हावर टिचकी मारल्यावर येणारं पान, नवा टॅब आणि पत्त्याच्या पट्टीतून शोधणारं सर्च इंजिन. एक दुरुस्त केलं म्हणून बाकीची तीन सुधारत नाहीत. शिवाय दुरुस्तीला क्रम आहे. मूळ प्रोग्राम शिल्लक असताना नुसतं पान बदललं, तर संगणक पुन्हा सुरू होताच तो आपलं पान परत लावतो. म्हणून आधी विंडोजच्या यादीतून अनोळखी प्रोग्राम काढावेत, मग अनोळखी एक्स्टेन्शन्स, आणि शेवटी ब्राउझरमधलं ‘रीसेट सेटिंग्ज’ वापरावं. बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड त्याने जात नाहीत. क्रोमचं सिंक चालू असेल तर सफाईपुरतं बंद ठेवावं, नाहीतर काढलेलं एक्स्टेन्शन दुसऱ्या संगणकावरून परत येऊ शकतं.

दोन जागा हमखास नजरेतून सुटतात. पहिली डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटची. त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘टार्गेट’ या रकान्यात ब्राउझरच्या नावापुढे एखादा पत्ता चिकटवलेला असला, तर सेटिंग कितीही बदला, तेच पान उघडणार. दुसरी जागा क्रोमच्या मेन्यूच्या तळाशी. घरच्या संगणकावर तिथे ‘तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली, तर तपास करायला हवा. कार्यालयांसाठी असलेली ही सोय काही अँटिव्हायरसही वापरतात, आणि घुसखोर तिच्याच आडून सेटिंगला कुलूप लावतात. एवढं करूनही भागलं नाही, तर भारत सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची सफाईची साधनं मोफत मिळतात. हे केंद्र २०१७ पासून सुरू आहे.

होमपेज आपल्या मनासारखं करायला एक्स्टेन्शन लागतंच असं नाही. नोटपॅडमध्ये रोजच्या गरजेचे दहा दुवे साध्या एचटीएमएलमध्ये लिहून, मराठीत नावं देऊन फाइल संगणकावर ठेवावी आणि सुरुवातीचं पान म्हणून तिचाच पत्ता द्यावा. ती इंटरनेट नसतानाही उघडते, जाहिरात दाखवत नाही, कुणाला काही कळवत नाही.

एक्स्टेन्शन घ्यायचंच असेल, तर आजचा धोका नेमका तिथे आहे. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे वीस लाखांवर लोकांचं आवडतं, खरोखर उपयोगी एक्स्टेन्शन होतं. २०२० मध्ये मूळ निर्मात्याने ते विकलं, मालक बदलला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक म्हणून गुगलला ते बंद करावं लागलं. वापरणाऱ्यांनी नवं काही बसवलं नव्हतं. मालकाबरोबर हेतू बदलला, आणि आधी दिलेली परवानगी नव्या मालकाच्या हाती आयती गेली. म्हणून बसवताना ‘सर्व संकेतस्थळांवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे’ या अर्थाची ओळ आली, तर थांबून विचार करावा. पासवर्ड सांभाळणाऱ्या किंवा जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनला ती परवानगी लागते. नव्या टॅबवर रोज एक डोंगर दाखवायला मात्र तुमच्या बँकेचं पान वाचावं लागत नाही. डोंगरवाल्याने ती मागितली, तर ‘कॅन्सल’ दाबावं.