शाळेसाठी पहिली कॅमेरा-तिपाई

शाळाभेटीस गेलो असता अलीकडे एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. शाळेजवळ थोडेसे पैसे आहेत. कोणी ते संयुक्त शाळा अनुदानातून, तर कोणी लोकवर्गणीतून राखून ठेवलेले असतात. मोबाइल किंवा लहानसा कॅमेरा आधीपासून आहे. आता त्यासाठी ट्रायपॉड, म्हणजे तीन पायांची तिपाई, कोणती घ्यावी? प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु बाजारात या वस्तूचे प्रकार इतके झाले आहेत आणि प्रत्येकीच्या अंगी इतके गुण सांगितले जातात की, प्रथमच खरेदी करणारा मनुष्य गोंधळतो व बहुधा सर्वांत उंच आणि सर्वांत हलकी तिपाई घेऊन येतो. ही निवड शाळेच्या उपयोगाची नाही, असे माझे मत आहे. ते का, हे येथे सांगावयाचे आहे.

तत्पूर्वी माझ्या स्वतःच्या एका चुकीची हकीकत. २०१८ च्या मे महिन्यात नदीकाठच्या एका जुन्या शाळेत गेलो होतो. तेथील जनरल रजिस्टराचा पहिला खंड मोडी लिपीत होता आणि कडा झिजून पाने सुटू लागली होती. "साहेब, याचे फोटो तरी काढून ठेवू या," असे मुख्याध्यापकांनी सुचविले. खोली कौलारू, खिडकी एकच, त्यात वीज गेलेली. मी मोबाइल हातात धरून तासाभरात एकशे बारा पाने टिपली आणि मोठे काम उरकले अशा समाधानात परतलो. लहान पडद्यावर सारे स्वच्छच दिसत होते. पुढे ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ती खोली पाण्याखाली गेली व रजिस्टराचा लगदा झाला. त्यानंतर एक गृहस्थ आपल्या पणजोबांच्या नोंदीच्या शोधात आले. जातपडताळणीच्या कामी त्यांना ती हवी होती. मी ते छायाचित्र संगणकावर मोठे करून पाहिले. नाव कसेबसे लागत होते. जातीच्या रकान्यात मात्र एका अक्षराची दोन-दोन अक्षरे होऊन ती एकमेकांत मिसळली होती. एकशे बारांपैकी एकेचाळीस पानांची हीच अवस्था निघाली. छायाचित्र हे मूळ अभिलेखाची जागा घेत नाही, हे खरे; तथापि मूळच नाहीसे झाल्यावर पुढील शोधाला तेवढाच एक धागा उरतो. तो माझ्या हातून तुटला.

असे का झाले? कॅमेऱ्याला चित्र उमटविण्यासाठी ठरावीक प्रकाश गोळा करावा लागतो. उन्हात त्यासाठी सेकंदाचा पाचशेवा भागही पुरतो. अंधाऱ्या खोलीत तेच काम होण्यास सेकंदाचा पंधरावा किंवा दहावा भाग लागू शकतो. तेवढ्या अवधीत माणसाचा हात श्वासाबरोबर हालतो, बोटाने कळ दाबताना हालतो, आणि प्रत्येक रेघ जागेवरून सरकून उमटते. अलीकडच्या मोबाइलमध्ये हा कंप सावरण्याची योजना असते, पण तिला मर्यादा आहेत. शिक्षकाने हाताने टिपलेली पन्नास पाने घेऊन पाहावीत. पहिल्या दहांपेक्षा शेवटची दहा नेहमी वाईट असतात, कारण हात थकलेला असतो.

तिपाईला पाय तीनच का, हा प्रश्न पाचवीच्या वर्गात विचारण्याजोगा आहे. चुलीला तीन दगड मांडतात त्याचेही कारण तेच. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते. त्यामुळे जमीन कशीही असो, तीनही टोके एकाच वेळी टेकतात. चार पायांचे टेबल शहाबादी फरशीवर डुगडुगते व आपण त्याच्या पायाखाली कागदाची घडी सारतो. तीन पायांच्या वस्तूला ती घडी कधी लागत नाही. मात्र तीन पाय टेकले म्हणजे तिपाई स्थिर झाली, असे नव्हे. पाय स्वतः लवचीक असतील, सांधे सैल असतील, तर टेकलेली तिपाईही वाऱ्याने आणि बोटाच्या स्पर्शाने थरथरते. तेव्हा पारख करावयाची ती पायांच्या ताठपणाची.

स्वस्त, हलकी आणि ताठ, असे तीन गुण आपल्याला हवे असतात. तिन्ही एकत्र मिळत नाहीत. कार्बन-तंतूंच्या नळ्यांची तिपाई हलकी असते आणि ताठही, पण तिची किंमत आपल्या आवाक्याबाहेरची. हलकी आणि स्वस्त अशी तिपाई हवी तेवढी मिळते, परंतु ती ताठ नसते. उरली तिसरी जोडी: स्वस्त, ताठ आणि जड. डोंगर चढणाऱ्या छायाचित्रकाराला जडपणा नकोसा वाटेल. शाळेची तिपाई कपाटातून वर्गात आणि वर्गातून पटांगणात एवढाच प्रवास करणार. तिचे वजन दोन किलोऐवजी तीन किलो भरले म्हणून कोणाचे काय बिघडते? शाळेने हलकेपणाचा हट्ट सोडावा. थोड्या पैशांत चांगली वस्तू मिळविण्याचा हाच एक मार्ग आहे.

उंचीचा मोहही सोडावा. तिपाईचा पाय एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा असतो आणि सर्वांत खालची नळी सर्वांत बारीक असते. भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला, तर तिचा ताठपणा सुमारे आठव्या हिश्शावर येतो. म्हणून पाच तुकड्यांच्या पायापेक्षा तीन तुकड्यांचा पाय बरा, आणि खालची नळी हाताच्या अंगठ्यापेक्षा बारीक असेल तर ती तिपाई परत करावी. मधला दांडा वर उचलून उंची वाढविण्याची सोय बहुतेक तिपायांना असते. ती दुकानदाराला जाहिरातीसाठी उपयोगी. दांडा पुरता वर काढला की तीन पायांच्या डोक्यावर एकच पाय उभा केल्यासारखे होते. उंची मोजताना हा दांडा खाली ठेवूनच मोजावी. प्राथमिक शाळेत ती किती लागते? मुले सतरंजीवर बसलेली असतात; त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून चित्र घेण्यास मीटरभर उंची पुष्कळ झाली. उभ्या शिक्षकाचा पाठ चित्रित करण्यास सव्वा मीटर पुरतो. सहा फुटांसाठी पैसे मोजण्याचे कारण मला आजवर एकाही शाळेत दिसलेले नाही.

डोक्याचे, म्हणजे कॅमेरा वळविण्याच्या भागाचे, दोन मुख्य प्रकार आहेत. एकात गोळा असतो व तो एकाच कळीने आवळला जातो. दुसऱ्यात दांडा धरून कॅमेरा आडवा आणि उभा वेगवेगळा फिरविता येतो. पाठाचे किंवा स्नेहसंमेलनाचे चित्रण करावयाचे असल्यास दांड्याचा प्रकार सोयीचा. कॅमेरा बसतो तो स्क्रू पाव इंच व्यासाचा व इंचाला वीस आट्यांचा असावा. हे माप जगभर चालते. मोबाइलला असे भोक नसल्याने त्यासाठी वेगळी पकड घ्यावी लागते. ती स्प्रिंगची असण्यापेक्षा स्क्रूने आवळण्याची आणि शक्य तर धातूची घ्यावी. मोबाइल बहुधा शिक्षकाच्या स्वतःच्या मालकीचा असतो आणि कित्येकदा त्याचे हप्तेही फिटलेले नसतात. पकडीत पन्नास रुपये वाचविण्यात अर्थ नाही. चटकन निघणारी पट्टी डोक्यावर असेल तर ती वेगळी विकत मिळते काय, हे आधी विचारावे. ती हरवली की उरलेली तिपाई निरुपयोगी होते, आणि शाळेत लहान वस्तू हरवतातच.

दुकानात करावयाची परीक्षा सोपी आहे. तिन्ही पाय पूर्ण लांब करून सर्व कळी आवळाव्यात आणि माथ्यावर दोन्ही तळवे ठेवून शरीराचा थोडा भार द्यावा. पाय आत सरकले तर कळी निकामी आहेत. मग डोके दोन बोटांनी धरून कपड्याला पीळ देतो तसा हलकेच पीळ द्यावा. ते हातात खेळते असे वाटल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. शेवटी मोबाइल बसवावा, चित्र पुष्कळ मोठे करून समोरच्या दुकानाच्या पाटीवर रोखावे आणि एका पायाला टिचकी मारावी. पाटी पडद्यावर थरथरेल. सावकाश एक-दोन म्हणेपर्यंत ती शांत झाली तर उत्तम. पाच म्हणावे लागले तर दुसरी तिपाई पाहावी. घरबसल्या मागविलेल्या तिपाईचीही हीच परीक्षा, ती हाती येईल त्याच दिवशी, परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी उरकावी.

माझ्या अनुभवात थोड्या पैशांतील सर्वांत चांगली तिपाई नवी नसते. तालुक्याच्या गावी जुने फोटो स्टुडिओ आणि लग्नसमारंभांचे चित्रण करणारे व्यावसायिक असतात. नवीन सामग्री घेतल्यावर त्यांच्या जुन्या, जाड नळ्यांच्या तिपाया कोपऱ्यात पडून राहतात. रंग उडालेला असतो, रबरी टोपणे झिजलेली असतात. सांधे मात्र आवळल्यावर घट्ट बसतात. अशी तिपाई वरच्या परीक्षेला उतरली तर निःशंकपणे घ्यावी व रीतसर पावती मागून घ्यावी, म्हणजे लेखापरीक्षणाच्या वेळी प्रश्न उद्भवत नाही. याउलट २०२० साली शाळा बंद असताना अनेकांनी गोल दिव्यासोबत मिळणारे स्टँड घेतले होते. ते दिवा धरण्यासाठी केलेले आहे. त्यावर मोबाइल चालून जातो, कॅमेरा ठेवू नये.

ज्या शाळेजवळ आज काहीच पैसे नाहीत, तिने थांबून राहण्याचे कारण नाही. जाड कापडाच्या पिशवीत दोन किलो वाळू किंवा ज्वारी भरून तोंड शिवावे, पिशवी टेबलावर ठेवून तीत कॅमेरा रुतवावा. स्थिरतेच्या बाबतीत ही पिशवी कित्येक स्वस्त तिपायांना मागे टाकते. कॅमेऱ्याला स्क्रूचे भोक असेल तर पाव इंची बोल्टला दोरी बांधून तो भोकात बसवावा, दोरीचे दुसरे टोक पायाखाली दाबावे आणि कॅमेरा वर ताणून धरावा. हाताचा वरखाली होणारा कंप पुष्कळ कमी होतो. भोक जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल असते, सबब बोल्ट जोराने आत पिळू नये. तिपाई असूनही ती हलकी असेल तर मधल्या दांड्याच्या आकड्याला दगड भरलेली पिशवी लटकवावी, आणि उतारावर दोन पाय खालच्या बाजूस व एक वरच्या बाजूस ठेवावा.

आता पुन्हा रजिस्टराकडे. शंभर वर्षांची वही टेबलावर बळेच सपाट उघडली तर शिवण तुटते. तिच्या पुठ्ठ्याखाली दोन्ही बाजूंस घडी केलेली सतरंजी द्यावी, किंवा एक बाजू उतरत्या फळीवर टेकवावी व कॅमेऱ्याचे डोके तेवढेच झुकवावे. कॅमेरा पानाला नेमका समोर आहे की नाही, हे डोळ्याने ठरविणे कठीण. त्यासाठी पानावर एक लहान सपाट आरसा अलगद ठेवावा आणि पडद्यात पाहावे. भिंगाचे स्वतःचे प्रतिबिंब पडद्याच्या मध्यावर दिसेपर्यंत कॅमेरा सरकवावा, मग आरसा उचलावा. उजेड दोन्ही कडांनी तिरपा, साधारण पंचेचाळीस अंशांत, येऊ द्यावा. कॅमेऱ्याचा स्वतःचा दिवा वापरू नये, त्याने जुनी शाई चकाकून अक्षर हरवते. कळ दाबण्याचा धक्का टाळण्यासाठी दोन सेकंदांनी आपोआप टिपण्याची योजना चालू ठेवावी. वर्गातील थोरल्या मुलांपैकी एकाने पान उलटावे व दुसऱ्याने पानाचा क्रमांक मोठ्याने सांगावा.

या रीतीने तासाला साठ-सत्तर पाने होतात. हाताने केलेल्या कामाहून हे मंद आहे. दर दहा पानांनंतर थांबून शेवटचे चित्र संगणकावर किंवा मोठ्या पडद्यावर उघडावे आणि एखादा बारीक शेरा वाचून पाहावा. तो वाचता आला नाही, तर ती दहाही पाने त्याच बैठकीत, वही मिटण्यापूर्वी, पुन्हा टिपावीत. चित्रांची एक प्रत शाळेत आणि दुसरी केंद्रशाळेत ठेवावी. नदीकाठच्या शाळांनी ती दुसरी प्रत उंचावरील गावी ठेवावी.