‘पडीक’ या शब्दाआड

‘अनुक्रमण’ म्हणजे एकामागून एक, क्रमाने येणे. परिस्थितिविज्ञानात या शब्दाला विशेष अर्थ आहे. एखाद्या जागी एक जीवसमूह वस्ती करतो, तिथली माती, सावली, ओलावा बदलतो आणि बदललेल्या जागेत दुसरा समूह येतो.

उघड्या कातळावर सुरुवात झाली तर ते प्राथमिक अनुक्रमण. मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद तिथे आधी येतात. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. ते खडक झिजवते, कणभर माती साठते, तीत शेवाळी, मग गवत, झुडपे, वृक्ष. या क्रमाला शतके लागतात. माती, बिया, मुळे शाबूत असली तर ते दुय्यम अनुक्रमण. ते काही दशकांत दिसते.

याचे उदाहरण आम्हा सुरतकरांना दूरचे नाही. नवागामातल्या माझ्या अनेक विद्यार्थ्यांची मूळ गावे खानदेशात आहेत. त्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या बारीपाडा या आदिवासी पाड्याभोवतीचे जंगल तुटून गेले होते. १९९०च्या दशकाच्या आरंभी चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी केली. आज ४०० हेक्टरांहून अधिक जंगल गाव राखते. पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. यामागचे शास्त्र साधे आहे. तोडलेल्या सागाचे खोड मेलेले नसते, बुंध्यातून फुटवे येतात. ते गुरांपासून वाचले की झाड होते. पालापाचोळा साठतो, पाणी मुरते, विहिरी टिकतात. गावाची वनभाजी स्पर्धा हेही त्याचेच फळ.

हा क्रम एका ठरलेल्या चरम अवस्थेकडेच जातो, असे क्लेमेंट्स यांनी १९१६ साली मांडले. ग्लीसन यांनी १९२६ साली त्याला आक्षेप घेतला: प्रत्येक जाती आपापल्या परीने येते, योगायोगालाही वाव असतो. आज अभ्यासक दुसऱ्या मताकडे अधिक झुकतात.

इथे भाषेचा प्रश्न येतो. जमिनीला ‘पडीक’ म्हटले की ती रिकामी वाटते आणि आपण खड्डे खणून मिळतील ती रोपे लावतो. जिवंत मुळे असलेल्या जागेला बहुधा राखणच पुरते. उलट दख्खनचा माळ हे फसलेले जंगल नाही. तो माळढोकाचा, लांडग्याचा स्वतंत्र अधिवास आहे. तिथे दाट झाडी लावणे म्हणजे त्यांना बेघर करणे.

पड, बरड, माळ, गायरान, राई हे शब्द आपल्या बोलीत वेगळे आहेत, कारण त्या जागा वेगळ्या आहेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घरातल्या वडीलधाऱ्यांकडून असे शब्द अर्थासह टिपून आणायला सांगावे. सगळ्यांसाठी ‘पडीक’ हा एकच शब्द उरला, तर कोणती जमीन राखायची आणि कोणती लावायची, हे ओळखणेही अवघड होईल.