एक पिंपळ जपायचा, एक उपटायचा

चंद्रपूरचे कारागृह उभे आहे ते गोंडराजांच्या जुन्या राजवाड्याच्या जागी. उठाव करणारे मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इथेच फाशी दिली. आवारातल्या पिंपळाशी ती आठवण जोडलेली आहे. दरवर्षी त्या दिवशी आदिवासी संघटना, गावोगावची मंडळी पिंपळापाशी जमतात, फुले वाहतात, ‘जय सेवा’ म्हणतात. १२ मार्च २००९ रोजी टपाल खात्याने बाबुरावांचे तिकीट काढले, त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांनी त्यांना जपले होते.

याच शहरात दुसऱ्या पिंपळांवर मात्र कुऱ्हाड चालवावी लागली. खांडक्या बल्लाळशहापासून पुढच्या गोंडराजांनी उभारलेल्या परकोटाला चार वेशी आणि पाच खिडक्या: जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर, आणि चोर, विठोबा, हनुमान, मसाण, बगड. वेशींवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे. पण बुरुजांच्या सांध्यांत पिंपळ-उंबर रुजले, तटालगत कचऱ्याचे ढीग साचले. वरून फांदी छाटून भागत नाही. पाणी झिरपते त्या फटीत मूळ शिरते, जाड होते आणि घडीव दगडाला आपल्या जागेवरून सरकवते. मूळ ओढून काढावे तर दगडही सोबत येतो. म्हणून हे काम घाईने करता येत नाही, सांधा बघत बघत करावे लागते.

बंडू धोतरे यांच्या ‘इको-प्रो’ संस्थेच्या तरुणांनी मार्च २०१७ मध्ये हे काम अंगावर घेतले. रोज सकाळी फावडी, घमेली, कुऱ्हाडी घेऊन तटावर जायचे, आणि मग आपापल्या कामधंद्याला. दोनशेहून अधिक दिवस सलग श्रमदान झाल्यावर ऑक्टोबर २०१७ मध्ये पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख झाला. मला त्या कौतुकापेक्षा दोनशे सकाळी मोठ्या वाटतात. पुतळा एका दिवसात उघडता येतो, परकोट मात्र रोजच मोकळा करावा लागतो.

गडचिरोलीच्या भामरागडकडे आठवण जपण्याची रीत फार जुनी आहे. माडिया लोक मृतांच्या नावाने गावाबाहेर उभे दगड रोवतात. त्यावर अक्षर नसते. कोणता दगड कोणाचा, हे कुळातल्या माणसांना ठाऊक असते.

पण जिथे अक्षरे कोरली जातात, तिथे सगळी हकीकत यायला हवी. १८५८ च्या मार्चमध्ये बाबुरावांनी राजगड परगणा घेतला. २९ एप्रिलला चिंचगुंडी येथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला, त्यात गार्टलंड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. या लढ्यात अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव बाबुरावांच्या सोबत होते. पुढे ते बस्तरकडे निसटले, १८६० मध्ये पकडले गेले आणि त्यांना जन्मठेप झाली. बाबुरावांना इंग्रजांच्या हाती देण्यात अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंचा हात होता, हेही तितकेच खरे. आपल्याच मुलखातला हा दुखरा भाग गाळून उभारलेले स्मारक अर्धे राहते, आणि व्यंकटरावांचे नाव बाबुरावांइतके कुठे घेतले जात नाही, याची मला खंत वाटते.

चंद्रपूर जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. बाबुराव, व्यंकटराव ही माणसे मात्र दोन्हीकडची. अहेरी, घोट, चिंचगुंडी परिसरातल्या शिक्षकांनी आणि तरुणांनी म्हाताऱ्यांच्या तोंडच्या हकिकती आताच, गोंडी-माडियातच, टिपून ठेवाव्यात. चंद्रपूरला आलात तर आधी बगड खिडकीपाशी परकोट पाहा, मग त्या पिंपळाकडे जा.