गाडीची नाडी दोन तारांत

पुणे-मुंबईच्या ‘शिवनेरी’मुळे व्होल्वो हे नाव आपल्या घरोघरी पोचले. या कंपनीचा ट्रकचा कारखाना १९९८ साली बेंगळुरूजवळच्या होसकोट्यात सुरू झाला. पुढे तिथे बसही बनू लागल्या. अशा बसमध्ये काय किंवा आपल्या घरच्या मोटारीत काय, इंजिन, ब्रेक, एअरबॅग यांचे छोटे संगणक एकमेकांशी बोलतात ते पीळ घातलेल्या दोन तारांवरून. ही ‘कॅन’ पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडली.

या तारा उंदराने कुरतडल्या किंवा जोडात पाणी शिरले, की डॅशबोर्डवर एकदम अनेक दिवे लागतात. मालक घाबरतो, ‘सगळेच बिघडले!’ पण महागडा भाग बदलण्याआधी एक तपासणी करून घ्या. बॅटरी सोडवून मीटरने या दोन तारांमधले ओहम मोजायचे. दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून बहुतेक गाड्यांत ६० यायला हवेत. १२० आले, तर तार तुटली किंवा एक रेझिस्टर गेला. शून्याजवळ आले, तर दोन्ही तारा शॉर्ट झाल्या. ६० आले तरी तार बॉडीला टेकलेली नाही ना, हे पाहावेच. थोड्या मिनिटांचे हे काम मोठा भुर्दंड वाचवू शकते.